मैदानगप्पा: शील्ड गेली, कप आला, मग आपण जिंकलो का?

या महिन्यात पत्रं आली ती जवळपास सगळी आयएसएलची (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉल लीग), युरोपवाल्यांनी बहुतेक सुट्टी घेतलीये. त्यातली चार घेतोय. नावं छापू नका असं दोघांनी सांगितलं म्हणून कोणाचंच छापत नाही.

प्रश्न: मी मुंबई सिटीचा फॅन. २०२३-२४ पासून घरात एकच वाद चालू आहे. १५ एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानकडून हरलो तेव्हा मेहुणा म्हणाला, संपला तुमचा हंगाम. मग ४ मेला तिथेच जाऊन त्यांनाच हरवलं तर म्हणतो कप काय कोणीही जिंकतं, खरी ती शील्ड. एकदाचं सांगून टाका, त्या वर्षी आम्ही चॅम्पियन होतो की नाही?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: होतात. पण मेहुण्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि नेमकं तेवढंच तुम्हाला टोचतंय, नाहीतर एवढं पत्र लिहिलंच नसतं. बघा, तेव्हा शील्ड मिळायची लीगमध्ये पहिलं आल्याबद्दल, म्हणजे त्या हंगामात २२ मॅचेस, घरच्या-बाहेरच्या, पावसातल्या, दमलेल्या, सगळ्या धरून. त्यानंतर वरच्या सहा टीम्सचा प्लेऑफ, पहिले दोन थेट सेमीफायनलला, बाकीचे चौघं आधी एकेक नॉकआऊट खेळायचे आणि त्यातून कप. आता त्या १५ एप्रिलला मुंबईचे ४७ पॉइंट, बागानचे ४५, म्हणजे नुसती बरोबरी चालली असती! आणि आपण १-२ हरलो, आपल्या छांगतेने ८९व्या मिनिटाला एक परत केला तेव्हा वाटलं होतं अजून एक येतोय पण नाही आला. माझं मत विचाराल तर शील्ड मोठी. भावनेने नाही म्हणत, आशियातल्या स्पर्धेचं तिकीट तेव्हा शील्डवर मिळायचं, कपवर नाही. म्हणूनच कप जिंकूनही पुढच्या हंगामात मुंबई आशियात खेळली नाही आणि बागानला जागा मिळाली. हे मेहुण्याला माहीत नसेल तर प्लीज सांगू नका.

पण त्याला एक गोष्ट जरूर विचारा, २०२२-२३ ला काय म्हणत होतास? तेव्हा मुंबई सलग १८ मॅच हरली नव्हती, १४ जिंकल्या ४ बरोबरीत, दोन मॅच बाकी असतानाच शील्ड खिशात, आणि मग सेमीफायनलला बंगळुरूने पेनल्टीवर ९-८ ने घरी पाठवलं. तेव्हा हेच सगळे लोक म्हणायचे की शील्डला कोण विचारतं, खरा तो कप. लागोपाठच्या दोन हंगामांत दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यायचं नशीब फार कमी फॅन्सना मिळतं.

आणि २०२३-२४ ला नुसत्या शेवटच्या दिवसावरून तोलू नका. नोव्हेंबरात कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेला, हंगामाच्या मधोमध कोच जाणं म्हणजे काय असतं ते खेळाडूंना विचारा. पीटर क्रॅटकी आला. डिसेंबरात अंधेरीत बागानविरुद्धची ती सात रेड कार्डवाली मॅच, चार आपले तीन त्यांचे, फुटबॉल कमी आणि राडा जास्त, तरी २-१ जिंकलो. जानेवारीत ग्रेग स्टुअर्ट गेला, ज्याच्या डाव्या पायावर अर्धा अटॅक चालायचा. हे सगळं होऊन शेवटच्या दिवसापर्यंत शील्ड हातात असणं हेच मला जास्त मोठं वाटतं. मग ४ मे, साठ हजारांच्या वर लोक, जवळपास सगळे विरोधात, हाफटाइमच्या तोंडावर बागानच्या कमिंग्सने गोल घातला, आणि नंतर आपले डियाझ, बिपीन, वॉयटुस, ३-१. बिपीननेच २०२१ च्या फायनलला ९०व्या मिनिटाला याच बागानला मारलं होतं. मेहुण्याला चहा पाजा आणि विषय बदला.

प्रश्न: मी एफसी गोवाचा, फातोर्ड्याला नियमित जाणारा. २४ एप्रिल २०२४ ची सेमीफायनल अजून डोक्यातून जात नाही. मुंबईवाल्यांनी आमचा कोच नेला, आमचे प्लेयर नेले, आणि वर ही मॅच. आता हंगाम सुरू झाला की उत्साहच वाटत नाही. काय करायचं?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, आणि मुंबईकर असून सांगतो, त्या रात्री आनंदासोबत थोडी लाजही वाटली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: बोरिस आणि ब्रँडनच्या गोलांवर गोवा २-० पुढे, घड्याळात ९० मिनिटं, फातोर्ड्यावर लोक जिंकल्यासारखे नाचतायत, आणि ९०व्या मिनिटाला छांगते, लगेच ९१व्याला विक्रम प्रताप, ९६व्याला परत छांगते. २-३. सहा-सात मिनिटांत अख्खा हंगाम उलटा. दुसऱ्या लेगला, म्हणजे सेमीफायनलच्या परतीच्या मॅचला, मुंबईने २-० केलं पण तोपर्यंत गोव्याच्या पायातलं बळच गेलेलं दिसत होतं. आणि मग तो ब्रँडनच पुढच्या हंगामात मुंबईच्या जर्सीत!

तुमची यादी मी अजून वाढवतो, रागवू नका. २०२० च्या फेब्रुवारीत गोव्यानेच कोच सर्जिओ लोबेराला काढलं, टीम वर असताना, लीगच्या तीन मॅच उरल्या असताना. क्लिफर्ड मिरांडाने टीम सांभाळली आणि गोव्याने पहिली शील्ड घेतली. मग लोबेरा मुंबईत, मागोमाग तुमचेच प्लेयर फॉल, जाहू, बूमूस आणि आपला म्हापशाचा मंदार, आणि पहिल्याच वर्षी शील्ड आणि कप दोन्ही, सेमीफायनलला गोव्यालाच पेनल्टीवर हरवून. कोच त्यांनी नेला नाही हो, तुम्ही सोडलात, हे मात्र म्हणावं लागेल. २०१९ ची फायनल आठवा, एक्स्ट्रा टाइममध्ये गोव्याला हरवणारा बंगळुरूचा हेडर होता राहुल भेकेचा, म्हणजे मुंबईच्या पोराचा, तोच २०२४ ला मुंबईचा कॅप्टन. तुमच्या नशिबात भेके आहे बहुतेक.

आता उत्साहाचं. माझा सल्ला असा की हंगामाकडे फक्त आयएसएलच्या कपच्या चष्म्यातून बघणं बंद करा. तो कप गोव्याच्या वाट्याला आलेला नाही, दोनदा फायनल हरलात, २०१५ ची तर घरी आणि शेवटच्या मिनिटांत. पण सुपर कप, ती वेगळी नॉकआऊट स्पर्धा, घेतलात की, २०१९ ला, मग २०२५ च्या मे महिन्यात जमशेदपूरला ३-० ने. त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही! हरलेल्या मॅचची मिनिटं पाठ आणि जिंकलेल्या ट्रॉफीचा उल्लेख नाही, हे आपल्या सगळ्यांचंच होतं. आणि व्यवहाराची गोष्ट, ट्रान्सफरच्या महिन्यांत बातम्या कमी वाचा. कोण येणार कोण जाणार याच्या अफवांवर जेवढा जीव जळतो तेवढा मॅच हरूनही जळत नाही.

प्रश्न: पुण्यात फुटबॉलप्रेमी असणं हा गुन्हा आहे का? कोणाला सपोर्ट करायचा तेच कळत नाही. जो क्लब धरावा तो बंद पडतो. ६ नोव्हेंबर २०२३ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला नेमार बघायला गेलो तर तोही नव्हता.
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: नेमारचं आधी. तो ऑक्टोबरातच ब्राझीलकडून खेळताना गुडघा मोडून बसला होता. तुम्ही बघितलंत ते अल हिलाल, नेमारचा तेव्हाचा सौदी क्लब, आणि मुंबई ०-२ हरली. रियाधमध्ये सहा खाल्ले होते हे लक्षात घेतलं तर ती मुंबईची वाईट संध्याकाळ नव्हती. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या त्या ग्रुपमधल्या सहाही मॅच मुंबई हरली, पण तुम्ही भारतात बसून त्या दर्जाची टीम पाहिलीत हे काय कमी आहे.

क्लबांचं मात्र काय बोलू. पुणे एफसी २०१५ ला बंद, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटी २०१९ ला, आणि त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला आणि २०२२ ला आयएसएल जिंकलासुद्धा, पुणेकरांनी टीव्हीवर बघायचं. पुढे २०२५ ला तो हैदराबादहूनही उठून दिल्लीला गेला. म्हणजे आता तिथलेही लोक तुमच्या रांगेत आले. कारण सरळ आहे, आपल्याकडे क्लब एका मालकाच्या पैशावर चालतो, तिकीट आणि जर्सी विकून खर्च निघत नाही, मालकाचा धंदा डगमगला किंवा मन उडालं की संपलं. मोहन बागान १८८९ पासून आहे, ईस्ट बंगाल १९२० पासून, त्यांनाही मालक लागतातच, पण मागे मेंबर्स आहेत, मैदान आहे, आजोबांपासूनची माणसं आहेत, मालक बदलला तरी क्लब उठून दुसऱ्या शहरात जात नाही.

तुम्ही काय करायचं? मुंबई सिटी धरा असं मी म्हटलं तर पुण्यातून शिव्या येतील, माहितीये. मग शहरातली स्थानिक लीग बघा, तिकीट बहुधा लागत नाही, टचलाइनला उभं राहता येतं, प्लेयर एकमेकांना काय बोलतात तेही ऐकू येतं (लहान मुलांना नेऊ नका).

प्रश्न: मुलगा दहावीत आहे आणि मुंबई सिटीची एकही मॅच सोडत नाही. हरले की जेवत नाही. बंद करू का?
(एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, बंद करू नका, तो मोबाइलवर चोरून बघेल आणि झोपही जाईल. मॅच साधारण साडेसातला असते, साडेनऊला संपते, आठवड्याला एखादी. त्या दोन तासांच्या बदल्यात बाकीचे हायलाइट्स, रील्स, कमेंट्समधली भांडणं बंद, असा सौदा करा, कारण खरा वेळ तिकडे जातो. फेब्रुवारी-मार्च मात्र अवघड आहे, लीगच्या मॅचेस आणि बोर्ड दोन्ही एकदमच येतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर नुसता स्कोर सांगायचा, तोही जेवण झाल्यावर. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई आधी बंगळुरूला २-० हरवून प्लेऑफमध्ये पोचली आणि तीनच आठवड्यांच्या आत त्यांच्याकडूनच ५-० हरली, अशी रात्र आली तर त्याला बोलू नका, ताट झाकून ठेवा. साडेअकराला उठून खातो पोरगा.