एसईसीची (अमेरिकेतल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाची) शर्यत पहिल्यांदाच बघणार असशील तर

तू या वर्षीपासून साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचे सामने बघणार म्हणालीस, फार बरं वाटलं. एकच सांगते, राष्ट्रीय क्रमवारी रोज चाळत बसू नकोस. ती मतांवर ठरते. कॉन्फरन्सचा तक्ता उघड आणि त्यात पराभवांचा रकाना आधी बघ. सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात, त्यामुळे नुसत्या विजयांवरून फसायला होतं.

टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यापासून संघ १६ झाले. प्रत्येकीशी एकदा सामना, फक्त एकाच संघाशी दोनदा. हा दोनदा भेटणारा संघ कोण, हे हंगामाच्या सुरुवातीलाच बघून ठेव. २०२५ मध्ये साउथ कॅरोलायनाला टेक्सस मिळालं. जानेवारीत आपल्या घरी कोलंबियात आपण ६७-५० जिंकलो, फेब्रुवारीत त्यांच्या घरी ऑस्टिनमध्ये ६६-६२ हरलो. दोघींचा हिशेब १५-१, आणि तो एकेक पराभवही एकमेकींकडूनच! तुलना करायला काही उरलंच नाही, म्हणून हंगामाअखेरच्या एसईसी स्पर्धेतलं अव्वल मानांकन चक्क नाणेफेकीवर ठरलं. ते आपल्याला मिळालं, त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता.

चौथ्या-पाचव्या जागेची चुरसही सोडू नकोस. पहिल्या चौघी ग्रीनव्हिलला होणाऱ्या त्याच स्पर्धेत थेट उपांत्यपूर्व फेरीत उतरतात. पाचवीला एक सामना जास्त खेळावा लागतो, तोही लागोपाठच्या दिवसांत. दमलेले पाय तिसऱ्या दिवशी दिसतातच.

आणि टेक्ससचा सामना घरच्या मैदानावर असेल तर तिकीट आधीच काढ.