रस्ता अडवायच्या आधी कोण अडकणारे ते बघ

प्रिय पोरी,

तुझा परवाचा मेसेज वाचला, दोनदा वाचला. मुनीच्या, म्हणजे इथल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या शहर बससेवेच्या, फेऱ्या कापू नका म्हणून तुमचा ग्रुप शुक्रवारी संध्याकाळी मार्केट स्ट्रीटवर ठिय्या देणार, आणि "मावशी तुला काय वाटतं, जाऊ का" असं विचारलंयस. विचारलंस तर सांगते, चिडू नकोस.

अगं, मार्केट स्ट्रीटच्या डाउनटाउनमधल्या पट्ट्यात खासगी गाड्यांना २९ जानेवारी २०२० पासून बंदी आहे. तिथून जातात बसेस, एफ लाइनच्या जुन्या ट्राम, टॅक्सी, सायकली आणि हल्ली त्या बिनड्रायव्हरच्या वेमो. म्हणजे बस वाचवायला बसलेली मंडळी अडवणार कोणाला, तर बसलाच! आत बसलेली असणार हॉटेलात भांडी घासून घरी निघालेली बाई, नाहीतर हॉस्पिटलात रात्रपाळीला चाललेला वॉर्डबॉय. ज्यांना घरून काम करता येत नाही असेच लोक.

मी इकडे आले तेव्हा असं नव्हतं. क्रिटिकल मास नाव ऐकलं असशील, १९९२ च्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच सुरू झालं, दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ऑफिसं सुटायच्या वेळेला सायकलवाले एम्बार्कडेरोजवळच्या चौकात जमायचे आणि घोळक्याने निघायचे. सुरुवातीला त्याला 'कम्यूट क्लॉट' म्हणायचे, म्हणजे ऑफिसच्या गर्दीतली गुठळी, मला ते नाव जास्त आवडतं कारण खरं आहे. २५ जुलै १९९७ च्या राइडला तर काही हजार सायकली होत्या, मेयर विली ब्राउन आधीच भडकलेले, पोलिसांनी शंभरावर लोकांना उचललं. मी तेव्हा नवीन नोकरीत, रस्त्याच्या कडेला पर्स छातीशी धरून बघत उभी. माझा मॅनेजर त्याच गर्दीत गाडीत अडकलेला होता, सोमवारी सकाळी ऑफिसात दुसरा विषय नव्हता, आणि त्याच्या वरचा बॉसही अडकलेला. शहरात ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते सगळे त्या वेळेला त्याच दोन-तीन मैलांत असायचे ना, म्हणून ती गुठळी बसायची.

आता ते गणित राहिलं नाही. महासाथीआधी डाउनटाउनमधली ऑफिसं जेमतेम पाच टक्के रिकामी असायची, नंतर आकडा तीस टक्क्यांच्या वर गेला. बार्ट लोकलची गर्दी अजून जुन्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच आहे, आणि जे येतात ते मंगळवार ते गुरुवार. शुक्रवारी तर शुकशुकाट. तुम्ही नेमका शुक्रवार धरलाय, कारण तशी रीत आहे, पण ती रीत १९९२ ची आहे. ज्याच्यावर तुम्हाला दबाव आणायचाय तो घरी पायजम्यात झूमवर बसलेला असणार, त्याला तुमच्या घोषणा ऐकूसुद्धा येणार नाहीत.

कॅनडाच्या राजधानीचं, ओटावाचं बघ. २०२२ च्या जानेवारीअखेर ट्रकवाल्यांनी लशीच्या सक्तीविरुद्ध पार्लमेंटसमोरचा रस्ता भरून टाकला, जवळजवळ तीन आठवडे. पण सरकारी बाबू बरेचसे घरूनच काम करत होते! भोंग्यांनी डोकं उठलं ते आसपास राहणाऱ्यांचं, त्यांनाच कोर्टात जाऊन भोंगे बंद करायचा आदेश आणावा लागला. धाबं दणाणलं ते कॅनडातलं विंडसर आणि अमेरिकेतलं डेट्रॉइट जोडणारा अँबॅसेडर ब्रिज अडवल्यावर. कॅनडा-अमेरिकेच्या मालाचा साधारण चौथा हिस्सा तेव्हा त्या एका पुलावरून जायचा, गाड्यांच्या कारखान्यांना पार्ट मिळेनात, शिफ्ट कमी कराव्या लागल्या. १३ फेब्रुवारीला पूल मोकळा केला आणि १४ ला सरकारने इमर्जन्सीज अ‍ॅक्ट, म्हणजे आणीबाणीचा कायदा, लागू केला, १९८८ च्या त्या कायद्याचा तो पहिला वापर. मला ते लोक पटले नव्हते हां, आणि सीमेवरची लशीची सक्ती उठायला ऑक्टोबर उजाडला, पण जोर कुठे लागतो ते तिथे दिसलं. माल घरून काम करत नाही.

हे ऐकून आता पूल अडवायला जाऊ नकोस! इथल्या गोल्डन गेट पुलावर १५ एप्रिल २०२४ ला आंदोलकांनी तासन्‌तास वाहतूक बंद पाडली, २६ जणांना पकडलं, पुढे गाड्यांतल्या लोकांना डांबून ठेवल्याचेसुद्धा आरोप लावले. तू स्टुडंट व्हिसावर आहेस. बाकीच्यांना एक रात्र लॉकअप म्हणजे किस्सा, तुला मात्र पुढच्या प्रत्येक फॉर्मवर त्याचं उत्तर द्यावं लागेल. हे भित्रेपणाने सांगत नाहीये, तुझ्या आईला मला तोंड दाखवायचंय.

आणि गंमत बघ, सायकलवाले वर्षानुवर्षं जे मागत होते त्यातलं थोडं मिळालं ते रस्ते रिकामे झाल्यावर. गोल्डन गेट पार्कमधला जेएफके ड्राइव्ह एप्रिल २०२० मध्ये गाड्यांना बंद केला, लोक पोरंबाळं घेऊन चालायला लागले, मी पण पन्नाशीत पुन्हा सायकल शिकले तिथे (दोनदा आपटले). मग गाड्या परत आणायच्या म्हणताच तेच चालणारे भांडायला उठले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदानाने तो रस्ता कायमचा राखला. कोणाची वाट अडवली नव्हती, चांगल्या गोष्टीची सवय लागली होती आणि ती काढून घ्यायला लोक तयार नव्हते. बसचंही तसंच आहे, सवय असलेले लोक हजारो आहेत, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नाही.

आपल्याकडचा २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतो? नाशिकहून चालत आलेले, पाय फुटलेले, आणि दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून सोमय्या मैदानातून रात्रीच निघाले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले होते. त्याच दिवशी लेखी आश्वासन मिळालं, पुढे ते किती पाळलं हा वेगळा विषय, त्यावर मी बोलायला लागले तर पत्र संपायचं नाही.

तर माझं ऐकशील तर शुक्रवार सोडा. मुनीच्या बोर्डाची मीटिंग मंगळवारी दुपारी सिटी हॉलमध्ये असते, तिथे कोणालाही उठून बोलता येतं. त्याआधी आठवडाभर तुम्ही बसमध्ये बसा, अगदी रोज, चौदा नंबर, अडतीस नंबर, आणि माणसांना विचारा ही फेरी गेली तर तुमचं काय होईल. त्यातली वीसेक जणं जरी मंगळवारी आली तरी पुष्कळ. दुपारची वेळ म्हणजे कामावरून सुट्टी मिळणं कठीण, माहितीये, म्हणून रात्रपाळीवाले आधी गाठा.

स्पॅनिश आणि चिनी बोलणारं कोणी ग्रुपमध्ये आहे का बघ, नसेल तर आजच शोध. रविवारी जेवायला ये, तेव्हा मिळून पत्रक लिहू, आणि माझा मागच्या वेळी नेलेला डबा आण.

तुझी,
मावशी