ते निघून गेले म्हणून

“मॅडम, तो म्हणतो देव वगैरे कुणी नव्हतंच. दुसऱ्या ग्रहावरून आलेले प्रवासी होते ते, आणि आपल्या अडाणी पूर्वजांनी त्यांनाच देव मानलं. त्याच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?”

हा प्रश्न घेऊन आलेले बरेच आईबाप मी पाहिलेत. या आईचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी त्या भीतीबद्दल. एखादी अचाट कल्पना पटणं हा आजार नाही. मी मुलाला एकट्याला बसवून काही गोष्टी विचारते. ते प्रवासी खास तुलाच खुणा पाठवतात असं वाटतं का? कुणाला ऐकू न येणारे आवाज तुला येतात का? आपलं चुकत असेल, असं कधी मनात येतं का? पहिल्या दोहोंपैकी एकालाही ‘हो’ आलं, तर मी वाट बघत नाही, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. याचं तसं काही नव्हतं. झोप मात्र पार गेली होती. पहाटे तीनपर्यंत व्हिडिओ बघायचा, आणि घरातल्या पूजेच्या वेळी उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

पहिल्याच भेटीत मी चूक केली. वाद घातला. पिरॅमिड माणसांनी बांधले नाहीत, असं तो म्हणाला आणि मला राहवलं नाही. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फला 2013 मध्ये सापडलेल्या पपायरसबद्दल, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या लव्हाळ्याच्या कागदांबद्दल, मी त्याला सांगितलं. मेरेर नावाच्या मुकादमाने साडेचार हजार वर्षांपूर्वी लिहिलेली रोजनिशी आहे ती. तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरला, अमुक ठिकाणी मुक्काम केला, पिरॅमिडच्या जागी गिझाला पोचलो, अशा नोंदी. गिझाला मजुरांची थडगीही सापडली आहेत आणि त्यातल्या काहींची मोडलेली हाडं नीट जुळून आलेली दिसतात. म्हणजे जखमी मजुरावर कुणीतरी उपचार केले होते. मला हे सगळं फार हृद्य वाटतं. तो म्हणाला, “असेल.” पुढच्या वेळी नवा व्हिडिओ घेऊन आला.

तिसऱ्या भेटीत त्याने इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचा विषय काढला. “1779 मध्ये हवाईच्या लोकांनी त्याला देव मानलंच ना? मग तेव्हाही तसंच झालं असेल.”

या वेळी मी जरा थांबून बोलले. कुक केआलाकेकुआच्या उपसागरात उतरला, तेव्हा लोनो या देवाच्या उत्सवाचा काळ होता आणि त्याचं मोठ्या मानाने स्वागत झालं, इथपर्यंत खरं. पण लोकांनी त्याला खरोखर देव मानलं का, यावर अभ्यासकांत जोरदार वाद आहे. गणनाथ ओबेयसेकेरे या मानववंशशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये मांडलं, की ‘त्यांनी आम्हाला देव मानलं’ ही कथा मुळात युरोपीयांचीच आहे. दुसरे मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स यांना ते अजिबात मान्य नव्हतं. काही का असेना, त्याच लोकांच्या राजाला ओलीस धरायला गेलेला कुक 14 फेब्रुवारीला त्यांच्याच हातून मारला गेला. मेक्सिकोतही तेच. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसला तिथल्या अझ्टेक लोकांनी आपला देव केत्साल्कोआत्ल समजलं, अशी कथा आहे, पण त्याने स्वतः आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत त्या देवाचं नावच नाही. ते जोडलं गेलं पुढे काही दशकांनी.

“साधेभोळे लोक फसले, ही गोष्ट बहुतेक वेळा जिंकणाऱ्यांनी सांगितलेली असते,” मी म्हणाले. “फसले म्हणतात त्यांना कुणी विचारलेलं नसतं.”

तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे ते मूर्ख नव्हते?”

“तू कुणाबद्दल विचारतोयस?”

“आईबद्दल. आणि माझ्याबद्दल.”

दोन वर्षांपूर्वी त्याचे बाबा गेले होते. चार महिने आजारी होते. आई सगळ्यांसमोर प्रार्थना करायची, हा रात्री पांघरुणात तोंड लपवून. बाबा गेले, आणि याच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली, की आपण नीट मागितलं नाही. कुठेतरी लक्ष दुसरीकडे गेलं असेल.

“ते आले होते आणि परत निघून गेले, असं असेल ना मॅडम,” तो म्हणाला, “तर मग ऐकायला कुणी नव्हतंच. मग माझं काही चुकलं असं होत नाही.”

हे ऐकल्यावर मी त्याच्याशी परग्रहांवर एक शब्दही वाद घातला नाही. ज्या कल्पनेच्या आधाराने तो उभा होता, ती मी पहिल्या भेटीत ओढून काढायला निघाले होते.

म्हणून आईबापांना सांगते, मोबाइल हिसकावू नका, देवाला नावं ठेवतो म्हणून अंगावर धावून जाऊ नका. शांतपणे एवढंच विचारा, “हे खरं निघालं तर तुझ्यासाठी काय बदलेल?” उत्तर कधी नुसतं कुतूहल असतं. तसं असेल तर आनंदाने पुस्तकं आणून द्या, सोबत वाचा. या विश्वात आणखी कुठे जीव असेल का, हा फार सुंदर प्रश्न आहे आणि मलाही त्याचं वेड आहे. पण कधी उत्तर द्यायला वेळ लागतो. तिथे तुम्ही बसून राहा.

सहाव्या भेटीला मी आईलाही बोलावलं. बोलता बोलता कळलं, की आजार बरा होणारा नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मुलाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

“बाबांना माहीत होतं?” त्याने विचारलं.

“हो रे. तेच म्हणाले, त्याची परीक्षा होऊ दे, मग सांगू.” आईचा आवाज फुटेना. “नंतर मला सांगताच आलं नाही.”

“म्हणजे मी कसंही मागितलं असतं तरी...”

“तू मागत होतास?” आई म्हणाली. तिला हे आजच कळत होतं.

त्याने मान हलवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले.