ठाण्यात बीएस्सी फिजिक्स करतोय. क्वांटम मटेरियल्समध्ये (ज्यांचे वेगळे गुण क्वांटम नियमांमुळे येतात अशा पदार्थांत) जगाने दखल घ्यावी असं काम मुंबईच्या आसपास झालंय का?
हो, झालंय: कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ हा धातू सामान्य दाबालाही अतिसंवाहक होतो, म्हणजे अजिबात रोध न होता वीज वाहून नेतो, हे दाखवलं, आणि 2017 साली ते ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. मी वाशीत फिजिक्स शिकवते, हा शोधनिबंध वर्गात वाचून घेते. बिस्मथमध्ये साधारण लाखभर अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन. इतक्या कमी इलेक्ट्रॉनांवर अतिसंवाहकता येणं हे ती समजावणाऱ्या नेहमीच्या बीसीएस सिद्धान्तात बसतच नाही, म्हणून तर एवढी खळबळ. स्फटिक 0.53 मिलिकेल्विनच्या खाली, म्हणजे एका केल्विनच्या जवळपास दोन हजाराव्या भागापर्यंत थंड केल्यावर त्याने चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं, आणि हीच अतिसंवाहकाची खूण. ही अवस्था इतकी नाजूक, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा ती मोडायला पुरतं. नमुना त्यापासून झाकूनच मोजमाप करावं लागतं. असं काम आपल्या शहरात होतं याचा मला फार अभिमान आहे. मात्र यातून उद्या एमआरआयचे चुंबक किंवा स्वस्त वीज निघेल असं समजू नका, याचं मोल सिद्धान्ताला आहे. आत जाऊन काम करायचं असेल तर टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम बघा. पात्रतेच्या अटी त्यांच्या संकेतस्थळावर आधी वाचा.