वाचक विचारतात: सुधाकरचा सुपरइगो खरंच हरला का?

प्रश्न: ताई नमस्कार. दांडिया बाजारात आमचा सात-आठ जणींचा वाचन ग्रुप आहे, दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतो. मागच्या महिन्यात गडकऱ्यांचं 'एकच प्याला' वाचलं. एकीची मुलगी युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी करते, ती म्हणाली, सोप्पं आहे मावशी, सुधाकरला दारूची चटक लावणारा तळीराम म्हणजे इड, मनातली आंधळी ओढ, त्याची बायको सिंधू म्हणजे सुपरइगो, आतून टोकणारा आवाज, आणि दोघांच्या मधे सापडलेला सुधाकर म्हणजे इगो, शेवटी इड जिंकला आणि सुपरइगो हरला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, पण घरी येताना वाटलं, एवढंच होतं तर पाच अंक कशाला वाचले? माझं काही चुकतंय का?

उत्तर: काहीच चुकत नाहीये, उलट ते जे घरी येताना वाटलं ना ते सोडू नका. मुलीलाही रागवू नका हं, ती शिकतेय, आणि नवीन शब्द शिकलं की ते सगळीकडे लावून बघावेसे वाटतातच.

आधी शब्दांचंच बघू. ही कल्पना मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याची, पण इड-इगो-सुपरइगो ही लॅटिन नावं त्याची नाहीत, ती इंग्रजी भाषांतरात आली. १९२३ सालच्या पुस्तकात त्याने साधे घरगुती जर्मन शब्द वापरलेत, त्यांचा अर्थ अनुक्रमे 'ते', 'मी' आणि 'वरचा मी'. आता हे मराठीत किती आपलंसं वाटतं बघा, आपण म्हणतोच की "मला नव्हतं हो बोलायचं, तोंडातून निघून गेलं". मग बोललं कोण? तर 'ते' बोललं, आणि 'मी' नंतर सारवासारव करत बसतो. फ्रॉइडने घोडा आणि स्वार अशी उपमा दिलीय, ताकद सगळी घोड्याची, आणि बरेचदा घोड्याला जायचं असतं तिकडेच स्वार त्याला नेतो, जणू काही त्याच्याच मनात होतं. म्हणजे ही सगळी ओढाताण एकाच माणसाच्या आतली आहे. ती तीन पात्रांत वाटून टाकली तर सुधाकरच्या आत उरलं काय?

दुसरं म्हणजे सुपरइगो हा काही आपल्यातला सद्गुणी माणूस नाही. तो आईवडिलांचा, मोठ्यांचा आवाज आहे जो आपण लहानपणी आत घेतो, आणि तो खऱ्या आईवडिलांपेक्षाही कठोर असू शकतो, माणूस अगदी खचतो तेव्हा हाच त्याच्यावर तुटून पडतो असं फ्रॉइडने लिहिलंय. आता सिंधू आठवा. ती नवऱ्याला कधी दोष देते का? दळण दळते, उपाशी राहते, आणि मरताना त्याला वाचवायला पोलिसांपुढे खोटं सांगते. ती त्याच्यातला ओरडणारा आवाज कशी असेल!

मला विचाराल तर त्या नाटकात सुपरइगो हरत नाही, तो जिंकतो, आणि म्हणूनच माणूस मरतो. सुधाकर मानी, हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि तो अपमान ज्यांनी केला त्यांच्यावर राग काढता येत नाही. तो राग कुठे जातो? प्याल्यात, आणि मग घरात, बायकोवर, मुलावर. एकावरचा राग असा दुसऱ्यावर काढण्याला मनोविश्लेषणात विस्थापन म्हणतात, आपल्याकडे सरळ वड्याचं तेल वांग्यावर. पण मधे तो दारू सोडतो, काम मागत दारोदार हिंडतो, लोक झिडकारतात, आणि तिथून तो परत पितो तो मजेसाठी नाही. तो प्रवेश पुन्हा वाचा, तिथे तो स्वतःवर जे बोलतो ते ऐका, तळीरामसारखा चैनीचा सूर त्यात कुठे आहे का बघा. शेवटचा प्याला तर त्याने स्वतःच विष घालून घेतलाय. ही शिक्षा आहे, आणि न्यायाधीश आतला आहे. मला हे वाचताना अजूनही गलबलून येतं.

प्रश्न: फ्रॉइडचा इडिपस कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलाला आईची ओढ आणि वडिलांशी मनातली चढाओढ, आपल्याकडच्या पात्रांना लागू होतो का? मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी कर्ण घेतलाय, आईने सोडलेला मुलगा म्हणून.

उत्तर: कर्ण घे, पण निष्कर्ष आधी ठरवून मग पुरावे शोधू नकोस. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडे विचारून झालाय. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली, त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता, आणि त्यांनी त्याला कळवलं की युरोपातल्या पेशंटांमधे जे दिसतं ते इथल्या पेशंटांमधे तसंच्या तसं दिसत नाही. फ्रॉइड हयात असताना, थेट त्यालाच! तेव्हा तूही बिनधास्त शंका घे.

दुसरं, शेक्सपिअरचा हॅम्लेट वडिलांच्या खुन्याला, म्हणजे स्वतःच्या काकाला, मारायला का कचरतो यावर फ्रॉइडने लिहिलं आणि पुढे त्याचा शिष्य अर्नेस्ट जोन्सने त्यावर अख्खं पुस्तक केलं, की काकाने जे केलं, वडिलांना मारून आईशी लग्न, ते हॅम्लेटलाच लहानपणी मनातून करायचं होतं. पटो न पटो, निदान तो 'कचरतो' हे नाटकात आहे. पण पात्राला लेखकाने न दिलेलं बालपण आपण देऊ नये. १९३३ मधे समीक्षक एल. सी. नाइट्स यांनी शेक्सपिअरच्याच 'मॅकबेथ'वरच्या निबंधाचं नावच 'लेडी मॅकबेथला मुलं किती?' असं ठेवलं होतं, असले प्रश्न विचारणाऱ्यांना टोकायला. तुझ्या बाबतीत म्हणजे, कर्णाला नदीत सोडलं हे महाभारतात आहे, कुंती युद्धाआधी येते तेव्हा तो काय बोलतो, काय देतो, काय नाकारतो तेही आहे. तेवढ्यावर काम कर, खूप आहे.

प्रश्न: फ्रॉइडचं बरंच काही आता चुकीचं ठरलंय म्हणतात, मग साहित्यवाले अजून त्यालाच का धरून बसलेत?

उत्तर: त्याच्या पुष्कळ गोष्टी पुराव्यावर टिकल्या नाहीत हे खरंय, आणि पेशंटसाठी ते फार महत्त्वाचं आहे. वाचकाला मात्र त्याच्याकडून एक सवय मिळते, माणूस काय बोलतो याबरोबर तो कशावर जरा जास्तच जोर देतो ते ऐकायची. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. त्यात एक नाटकमंडळी वेळ घालवायला खेळातला खटला उभा करतात आणि आपल्यातल्याच बेणारेबाईंना आरोपी करतात. हा खटला भरणारी माणसं कोण? प्रॅक्टिस न चालणारा वकील, इंटर नापास शास्त्रज्ञ, मूलबाळ नसलेलं काशीकर जोडपं. स्वतःतलं जे बघवत नाही ते दुसऱ्यावर टाकायचं, याला प्रक्षेपण म्हणतात, आणि इथे ते एकट्याचं नसून सगळ्या टोळीचं आहे म्हणून जास्त भीती वाटते. गंमत म्हणजे या सगळ्यांची दुखरी जागा बेणारेच सुरुवातीला सामंत नावाच्या गावातल्या साध्या माणसाला हसत हसत सांगते, खटला उभा राहायच्या कितीतरी आधी, आणि पहिल्या वाचनात आपल्याला तो नुसता विनोद वाटतो. दांडिया बाजारच्या ग्रुपने पुढच्या शनिवारी हेच घ्यावं, आणि सामंतबरोबरचा तो भाग दोनदा वाचावा, एकदा सुरुवातीला आणि एकदा नाटक संपल्यावर.