माझदा घेतोयस? आधी इंजिन कोणतं ते बघ
"माझदाचं इंजिन लवकर जातं" हे ऐकून घाबरू नकोस, पण समोरचा कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय ते विचार. ती बदनामी रोटरीची, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो त्या इंजिनाची. साध्या पिस्टनवाल्या माझदा निमूट चालतात.

कंपनी हिरोशिमाची, १९२० साली चक्क कॉर्कच्या धंद्यात सुरू झालेली. १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या. आपल्याकडच्या जुन्या स्वराज माझदा मिनीबसमधला माझदा तो हाच. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून तिने रोटरीचा हट्ट धरला आणि १९९१ मध्ये फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत त्याच इंजिनावर जिंकली. तिथे जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी.

आता तुझ्या डोक्यातली जुनी आरएक्स-८, माझदाची रोटरीवाली स्पोर्ट्स कार. ही ऑइल पिणारच. रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून ते मुद्दाम आत सोडलेलं असतं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघ. थंड गाडी नुसती दारातून बाजूला घेऊन लगेच बंद करू नकोस, आत पेट्रोल साचतं आणि मग ती उठत नाही. घेण्याआधी चांगली वीस मिनिटं फिरव, बंद कर, लगेच परत स्टार्ट मार. स्टार्टर नुसताच फिरत राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, बहुधा गेलंय. रंग कितीही चकाचक असो, सोडून दे.