'रिपील द एट्थ' मराठीत कसं लिहावं?

आयर्लंडच्या राज्यघटनेतली, गर्भपाताला अटकाव करणारी आठवी दुरुस्ती रद्द करा, असं सांगणाऱ्या डब्लिनच्या 'रिपील द एट्थ' या भित्तिचित्रावर लेख लिहिणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलंय: 'रिपील'साठी 'निरसन' लिहू की 'रद्द'? आणि 'आठवी रद्द करा' चालेल का?

कायद्याच्या मराठीत 'निरसन' रूढ आहे. अधिनियमाच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' हे कलम असतं. पण बोलताना निरसन होतं ते शंकांचं. २०२१ मध्ये कृषी कायद्यांच्या वेळी लोकांच्या तोंडी 'रद्द करा' होतं, 'निरसन' विधेयकाच्या नावात राहिलं. भिंतीवर 'रद्द'च शोभतं. 'मागे घ्या' इथे बसत नाही. आयर्लंडमध्ये ही दुरुस्ती १९८३ साली सार्वमताने आली होती, ती मागे घेणं सरकारच्या हातात नव्हतं.

नुसतं 'आठवी' मात्र नको, वाचणाऱ्याला इयत्ता वाटेल. 'आठवी घटनादुरुस्ती रद्द करा' असं पूर्ण लिहा. गर्भाचा जगण्याचा हक्क आणि आईचा हक्क तिने एका पारड्यात बसवले होते, हेही लेखात सांगा. त्याशिवाय भिंतीवरचा संताप कळणार नाही.

चित्र 'हटवलं' असंही लिहू नका. टेंपल बार भागातल्या प्रोजेक्ट आर्ट्स सेंटरच्या भिंतीवर मेझर या चित्रकाराने निळ्यावर लाल बदाम आणि त्यात पांढरी अक्षरं काढली, ती जुलै २०१६ मध्ये. बांधकाम-नियोजनाची परवानगी नाही म्हणून ते झाकावं लागलं. एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा काढलं, तेव्हा धर्मादाय संस्थांच्या नियामकाने हरकत घेतली आणि सेंटरच्या कलासंचालकांनी स्वतः त्यावर निळा रंग दिला. 'रंग फासला' म्हटलं तर द्वेष त्यांच्या माथी येतो, आणि ते तर चित्राच्या बाजूचे होते. 'रंग देऊन झाकलं' हे खरं.

२५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ही दुरुस्ती रद्द करायच्या बाजूने मत दिलं. त्याच सुमारास डब्लिनमध्येच एका भिंतीवर सविता हलप्पनवर यांचा चेहरा आणि 'येस' ही अक्षरं उमटली. लोकांनी तिथे चिठ्ठ्या चिकटवल्या, कित्येकींत माफी मागितली होती. सविता बेळगावच्या, दंतवैद्य. २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात, गर्भ वाचणार नाही हे कळूनही, हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांना गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने त्या गेल्या. तिथल्या 'येस'ला 'हो' नको, 'होय' लिहा; मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे. आणि आडनावाच्या शेवटी कानडी 'नवर' आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून 'नावर' करू नका.